ताराबाई मोडक : एका शिक्षणपद्धतीचे भाषांतर

चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत मटौर, कुंभडा, सोहाणा ही जुनी गावे आज शहराच्या सेक्टरांनी वेढून टाकली आहेत. लहान मुलांसाठी तेथे चालणाऱ्या सरकारी केंद्राला पंजाबी बोलणारी आई 'आंगनवाडी' म्हणते. घरापुढच्या मोकळ्या जागेसाठी तिच्या तोंडी रोजचा शब्द 'वेहडा' हा असतो. तरीही मुलांच्या केंद्राचा उल्लेख करताना ती वेहड्याकडे वळत नाही. शब्द बाहेरून आला आहे याची तिला जाणीव नसते, आणि एखादा शब्द दुसऱ्या भाषेत रुजल्याची खरी खूण हीच असते. हा शब्द ज्या प्रयोगातून निघाला तो प्रयोग उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी झाला, आणि तो करणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे चरित्र हे एका परकीय शिक्षणपद्धतीच्या भारतीय भाषांतराचे चरित्र आहे.

त्याच मोहालीत पंजाब शालेय शिक्षण मंडळाचे मुख्यालय आहे, आणि संगणक-व्यवसायाच्या वाढीबरोबर तेथे 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' हा पेशाही परिचित झाला आहे. शिकणाऱ्याला काय यावयास हवे, ते कोणत्या क्रमाने यावे, त्यासाठी त्याच्या हाती कोणती वस्तू किंवा कोणते काम द्यावे, आणि आपण चुकलो हे त्याचे त्यालाच कसे कळावे, याची आखणी करणारा माणूस असा या पदनामाचा अर्थ. या व्यवसायाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकी प्रशिक्षणात शोधले जाते. मराठीत त्यासाठी सर्वमान्य शब्द अद्याप स्थिरावलेला नाही. 'अध्ययनरचनाकार' म्हणता येईल. ताराबाईंच्या काळी हे पदनाम भारतात कोणी ऐकले नव्हते. काम मात्र तेच होते, आणि ज्यांच्यासाठी ते होते ती मुले शाळेच्या पायरीपर्यंतही येत नव्हती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थनासमाजाचे होते. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या समाजाचे धर्मविचार पुष्कळांनी अभ्यासले आहेत. त्या मानाने त्याने मुंबईच्या कामकऱ्यांसाठी चालविलेल्या रात्रशाळांकडे दुर्लक्ष झाले. दिवसा गिरणीत राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येणार नाही, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा साधा विचार त्या रात्रशाळांच्या मुळाशी होता. त्याचे पडसाद ताराबाईंच्या उत्तरायुष्यात ऐकू येतात. मात्र बालपणीचा हा संस्कार आणि पन्नाशीनंतरची ती कृती यांच्यामध्ये बरेच आयुष्य गेले, आणि त्याचा मार्ग सरळ नव्हता.

१९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया फार थोड्या होत्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे कायमचे विभक्त झाले. पदरी एक लहान मुलगी होती. विवाहविच्छेद हा शब्दही मराठी मध्यमवर्गीय घरांत उच्चारला जात नसे अशा त्या दिवसांत तिशीच्या आतली ही स्त्री महाराष्ट्राबाहेर राजकोटला गेली आणि तेथील स्त्रीशिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाची प्राचार्या झाली. चरित्रकार या टप्प्यावरून सहसा घाईने पुढे जातात. तथापि शिक्षिका घडविण्याचे काम त्यांनी प्रथम येथे हाती घेतले, आणि मराठीइतकीच गुजराती ही त्यांची कामाची भाषा होण्यास येथूनच सुरुवात झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

राजकोटहून भावनगर दूर नाही. तेथे नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून १९१६ मध्ये आले होते, आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले होते. ताराबाई त्यांच्या कार्याकडे ओढल्या गेल्या, आणि प्राचार्यपदाची प्रतिष्ठा सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. पुढील जवळजवळ दशकभराचा काळ त्यांनी गिजुभाईंच्या सहकारी म्हणून तेथे काढला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या उभारणीत दोघांचाही हात होता.

या ठिकाणी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. कारण मूळ संहिता नीट ठाऊक नसेल तर भाषांतराचे मोल कळत नाही. रोममधील सॅन लोरेंझो या दरिद्री वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरींनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणारी मुले हे तिचे पहिले विद्यार्थी. या मुलांसाठी त्यांनी जी साधने वापरली त्यांत एक शिस्तबद्ध कल्पना होती. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा. रंग एकच, लाकूड एकच, आकार एकच. बदलते ते केवळ मान. मुलाचे लक्ष म्हणूनच मानावरच खिळते. दट्ट्यांच्या ठोकळ्यात प्रत्येक दट्ट्यासाठी एकेक भोक असते. एक दट्ट्या चुकीच्या भोकात बसला की शेवटी एक उरतो आणि कुठेच बसत नाही. चूक दाखवायला शिक्षिका लागत नाही, ठोकळाच ती दाखवितो. काचकागदाची अक्षरे बोटाने गिरविताना हाताला वळण आधी मिळते, लेखणी नंतर येते. एका वेळी एकच गुण वेगळा काढणे, पायरीपायरीने चढत जाणे आणि चुकीची ओळख वस्तूकडूनच होणे, या तीन सूत्रांवर ही सारी साधने उभी आहेत.

माँटेसरींचा इटालियन ग्रंथ १९०९ चा. तो १९१२ मध्ये इंग्रजीत आला. भारतात तो पोहोचला तो याच इंग्रजी रूपाने. भावनगरला त्याचे गुजराती झाले, आणि गुजरातीतून तो पुढे मराठीत उतरला. इटालियन, इंग्रजी, गुजराती, मराठी अशी ही साखळी आहे. सामान्यतः अशा साखळीत प्रत्येक कडीला मूळ फिके होत जाते अशी समजूत असते. येथे निराळे घडले. गुजराती कडीवर एक मोठी भर पडली, ती म्हणजे गोष्टीची. सहा वर्षांखालील मुलाला परीकथा सांगाव्यात हे माँटेसरींना मान्य नव्हते. मुलाने आधी वास्तव जग हाताळावे, कल्पित जग त्याच्यावर लादू नये, असे त्यांचे मत होते. गिजुभाईंनी हे मत स्वीकारले नाही. त्यांनी लोककथा, नाट्य आणि गीत यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले, कथाकथनावर 'वार्तानुं शास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि आपला शिक्षणविचारही 'दिवास्वप्न' या ग्रंथात कथेच्या रूपानेच मांडला. ज्या समाजात आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकल्यावाचून मूल झोपत नाही, त्या समाजात गोष्ट वगळून बालशिक्षण उभे करणे म्हणजे मुलाचे निम्मे भाषाजगत उंबऱ्याबाहेर ठेवणे होय. ताराबाईंनी हा वारसा मराठीत आणला. मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या आणि पालकांसाठी मुलांच्या हट्टाविषयी, शिस्तीविषयी सोप्या मराठीत लेखन केले. मराठी बालसाहित्याच्या इतिहासात या लेखनाची नोंद ओझरती होते, कारण ते साहित्य म्हणून लिहिले गेले नव्हते. वर्गात वापरण्यासाठी लिहिले गेले होते. हा निकष लावला तर आपल्या भाषांतील पुष्कळसे मौखिक वाङ्मयही इतिहासाबाहेर टाकावे लागेल.

१९३० नंतरच्या काही वर्षांत त्या मुंबईस परतल्या. १९३३ पासून 'शिक्षणपत्रिका' मराठीत निघू लागली आणि तिचे संपादन त्यांच्याकडे आले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचेही काम चालले, आणि मराठी मध्यमवर्गात बालशिक्षणाविषयी आस्था निर्माण झाली. या काळाचे वर्णन यशाचा काळ असेच करावे लागेल, पण त्या यशात एक विसंगती दडलेली होती. रोमच्या दरिद्री वस्तीत जन्मलेली पद्धती मुंबईत आली ती लाकडी साधनांच्या किमती पेट्या घेऊन, आणि त्या पेट्या विकत घेऊ शकणाऱ्या घरांतील मुलांपुरती राहिली. नोव्हेंबर १९३९ मध्ये स्वतः माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे पद्धतीचा भारतात मोठा प्रसार झाला, पण साधनांच्या शुद्धतेविषयीचा आग्रहही त्याबरोबर दृढ झाला. मूळ संहितेतील शब्दही हलवू नये असे मानणारे भाषांतरकार असतात. त्यातलाच हा प्रकार.

ताराबाईंना इंग्रजी लेखनात 'माँटेसरी मदर' म्हणून ओळखले जाते. गौरवासाठी दिलेले हे नाव त्यांच्या कार्याचा निम्मा भागच सांगते. गांधीजींची नयी तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेत पुढे आली. ती सात वर्षांपुढील मुलांसाठी होती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी तिचा विस्तार पूर्वप्राथमिक वयापर्यंत आणि प्रौढांपर्यंत करण्याचा विचार मांडला. खेड्यातील गरिबाच्या मुलाला परवडेल असे बालशिक्षण कसे असावे, हा प्रश्न त्यातून उघडपणे समोर आला. त्याचे उत्तर दादरला मिळणे शक्य नव्हते. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या बोर्डीला आल्या.

बोर्डी हे तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव; २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. चिकूच्या वाड्यांचे मालक, त्या वाड्यांत राबणारे वारली, किनाऱ्यावरचे मांगेले, गावकुसाबाहेरची दलित वस्ती आणि गुजराती व पारशी कुटुंबे असे हे मिश्र गाव. आचार्य भिसे व चित्रे गुरुजी यांच्यासारख्या शिक्षकांनी तेथे आधीपासून शाळा आणि आदिवासींची सेवा यांचे वातावरण निर्माण केले होते. त्याच वर्षी बोरिवलीला झालेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात अनुताई वाघ ताराबाईंना भेटल्या. वयाच्या तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, पुढे शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. त्या बोर्डीला आल्या आणि पुढे आयुष्यभर याच कार्यात राहिल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र या नावाने काम सुरू झाले.

बालवाडी हा शब्द येथे पाहण्यासारखा आहे. फ्रोबेलच्या जर्मन 'किंडरगार्टन'चा अर्थ मुलांची बाग. उत्तर कोकणात वाडी म्हणजे फळबाग, आणि वाडी म्हणजे वस्तीही. बोर्डीच्या माणसाला वाडी म्हटले की चिकूची झाडे दिसत आणि आपल्या पाड्याची घरेही दिसत. जर्मन रूपकाचा हा प्रतिशब्द सहज उमजणारा होता. त्यात मूळ शब्दात नसलेला वस्तीचा अर्थही आपसूक आला, आणि पुढे तोच अधिक महत्त्वाचा ठरला.

गावाच्या मध्यभागी बालवाडी उघडली. ती सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी दोन ते चार अशी चाले. परंतु गावाच्या मध्यभागी येऊन बसणे हे बोर्डीच्या सर्व मुलांना सारखे सोपे नव्हते. दलित वस्तीतील मूल सवर्णांच्या आळीतून चालत तेथवर येईल अशी अपेक्षा करणे म्हणजे जातिव्यवस्था ओलांडण्याची जबाबदारी चार वर्षांच्या जिवावर टाकणे होते. मुले आली नाहीत. एखाद्या सामान्य संस्थेने अशा वेळी पालकांच्या अनास्थेला दोष दिला असता आणि पटावर गैरहजेरी मांडली असती. ताराबाईंनी हा दोष रचनेचा मानला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. शिक्षिका साधने घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून तेथेच बसावे, वेळ मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या सोयीची असावी, भोवती आया व आज्या उभ्या राहून पाहत असाव्यात. ही अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. पुढे यातील मुले मध्यवर्ती बालवाडीतही येऊ लागली.

साधनांचा प्रश्न याहून बिकट होता. पेट्या आणणे परवडणारे नव्हते, आणि परवडले असते तरी गुळगुळीत रंगीत लाकडाला हात लावायला कचरणारे मूल त्यातून काय शिकणार हा प्रश्न होताच. ताराबाईंची खरी बुद्धिमत्ता येथे दिसते. साधनाकडे वस्तू म्हणून पाहायचे नाही, ते काय काम करते हे पाहायचे, आणि तेच काम करणारी वस्तू परिसरात शोधायची. मान शिकवायचे असेल तर लहानमोठे शिंपले आहेत. एकाच जातीचे घेतले की घाट सारखा राहतो आणि बदलते ते मानच. रंगांच्या छटांसाठी कोवळ्यापासून जून होत गेलेली एकाच झाडाची पाने आहेत. मोजणीला बिया आणि खडे आहेत. बोटांना वळण लावायला ओली वाळू आणि माती आहे, लांबीच्या क्रमाला बांबूच्या कांड्या आहेत. माँटेसरींचा घन काटेकोर असतो, शिंपला काटेकोर नसतो. भोकात न बसणाऱ्या दट्ट्यासारखी चूक तो निर्विवादपणे दाखवीत नाही. हे नुकसान खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. ते भरून काढायला शिक्षिकेची नजर लागते. साधन जितके स्वस्त होते तितके प्रशिक्षण महाग होते, असा हा हिशेब होता. म्हणूनच बोर्डीत शिक्षिकांच्या तयारीला इतके महत्त्व होते. पुढे सरकारी योजनेत नेमकी याच ठिकाणी काटकसर झाली.

भाषेचा प्रश्न याच प्रकारचा होता. वारली घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते, आणि मांगेल्यांच्या मुलाची स्थितीही फार वेगळी नसते. अक्षरापासून सुरुवात करणारी शाळा अशा मुलाला पहिल्याच दिवशी मुके करते. वस्तूपासून, हालचालीपासून, गाण्यापासून सुरुवात करणारी शाळा त्याला बोलते ठेवते. आधी वस्तू हाताळणे, मग तिचे नाव, आणि अक्षर अगदी शेवटी, हा माँटेसरीक्रम इटालीत मानसशास्त्रीय कारणासाठी होता. बोर्डीत त्याला भाषिक कारणही मिळाले.

या कार्याविषयी एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. दिवसाचा आरंभ स्वच्छतेने होई. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे ही शिक्षिकेची पहिली कामे. खरूज आणि डोळ्यांचे रोग यांनी गांजलेल्या वस्तीत याची गरज होती यात शंका नाही. परंतु शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या समाजात, आंघोळ झाल्यावर विद्या हा क्रम निरागस राहत नाही. मुलाच्या देहाविषयी तो काही न बोलता बोलतो. सवर्ण घरांतून आलेल्या शिक्षिकांनी दलित मुलांना आपल्या हाताने न्हाऊ घालणे हे अस्पृश्यतेला दिलेले थेट उत्तर होते, आणि तरीही मध्यमवर्गीय चालीरीतींचा ठसा त्या कार्यावर होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९४५ हे वर्ष त्याच प्रदेशातील वारल्यांच्या उठावाचेही वर्ष होय. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. ऑक्टोबरात गोळीबारही झाला. गोदावरीबाईंचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा १९७० चा ग्रंथ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. सुशिक्षित मराठी घरांतून निघालेल्या दोन स्त्रिया एकाच वर्षी, काही कोसांच्या अंतरावर, त्याच दरिद्री माणसांत काम करीत होत्या. एकीने जमीनदाराशी झगडा केला, दुसरीने मुलांसाठी शिंपले निवडले. पहिलीच्या दृष्टीने दुसरीचे काम मूळ दुखण्याला हात न लावणारे दिसणे स्वाभाविक आहे. उलट, वेठ संपल्यावर मुक्त झालेल्या माणसाच्या मुलाने काय करावे याचे उत्तर उठावाजवळ नव्हते. मराठी वाङ्मयेतिहासाने एका कार्याला ग्रंथरूपाने स्थान दिले आणि दुसऱ्याला समाजसेवेच्या खात्यात टाकले. ही विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. बोर्डी निदान गाव होते; कोसबाड हे पाड्यांच्या मध्ये होते, आणि मुले जवळजवळ सर्व वारली. येथे बोर्डीचा नमुनाही पुरेना. मुले अंगणातही सापडत नसत. ती गुरांमागे रानात असत. मुली सापडत, पण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि ते खाली ठेवून शिकायला बसणे त्यांना शक्य नसे. अध्ययनरचनेच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत शिकणाऱ्याच्या परिस्थितीचे विश्लेषण ही पहिली पायरी सांगितली जाते. कोसबाडला ती पायरी अशी चढली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली शिकणे सुरू झाले, आणि त्या शाळेला कुरणशाळा हे नाव मिळाले. भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. भावंड पाळणाघरात राहील, मुलगी पलीकडच्या वर्गात बसेल, आणि अधूनमधून त्याच्याकडे बघून येईल. या एकत्र योजनेला विकासवाडी म्हणत. पाळणाघराची योजना केवळ तान्ह्या मुलांच्या हितासाठी होती असे समजणे चूक ठरेल; आठ वर्षांच्या बहिणीला पाटीपर्यंत पोहोचविण्याचा तोच एक मार्ग होता.

कुरणशाळेवरही वरील आक्षेप लागू होतो. मुलाने गुरे राखणे हे तिने गृहीत धरले. ते थांबविण्याचा प्रयत्न तिने केला नाही. सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्याला ही तडजोड वाटेल. परंतु ज्या घराचे पोट त्या मजुरीवर होते त्या घरातून मूल ओढून आणण्याचा अधिकार शिक्षिकेजवळ नव्हता, आणि सक्तीचा कायदा प्रत्यक्षात येईपर्यंत थांबण्याइतके बालपण त्या मुलाजवळ नव्हते. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत चालविले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत प्रायोगिक रूपात सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात अशी सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. एका शिक्षणप्रयोगातून आलेला मराठी शब्द इतक्या भाषांत आणि इतक्या खेड्यांत जाऊन बसल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. मात्र शब्द गेला तेव्हा त्याचा आशय बदलला. योजनेच्या सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहार यांविषयीचे शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाने मुले दगावत असलेल्या देशात हे अग्रक्रम समजण्यासारखे आहेत. परंतु सहा सेवा एकाच सेविकेवर, तीही वेतनावर नव्हे तर मानधनावर, आल्या तेव्हा सहावी मागे पडली. बोर्डीत शिंपल्याची अपुरी अचूकता शिक्षिकेच्या नजरेने भरून निघत होती. येथे ती नजर वजनाच्या काट्यावर आणि नोंदवह्यांवर गुंतून राहिली. अंगणाचे तत्त्वही निसटले. शिक्षिकेने मुलाच्या दारी जावे असा ज्या शब्दाचा अर्थ होता, तो शब्द मुलाने जेथे यायचे त्या खोलीला लागला.

पंजाबात या सरकण्याला आणखी एक वळण मिळाले. १४ नोव्हेंबर २०१७ पासून राज्याने सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू केले. तीन ते सहा वर्षांची मुले शाळेकडे जाणार म्हणजे आपली केंद्रे ओस पडणार, या भीतीने अंगणवाडी सेविकांनी आंदोलन केले. या वादात एका बाजूला शिक्षण होते आणि दुसऱ्या बाजूला अंगणवाडी, असे दृश्य दिसले. बोर्डीत हे दोन शब्द एकाच गोष्टीची नावे होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून त्यांना पुन्हा जवळ आणण्याचे ठरविले, आणि परिसरातील स्वस्त साहित्य, गोष्ट, गाणे, खेळ यांची भाषा अधिकृत कागदांत परत आली. मोहालीच्या मटौरमध्ये किंवा सोहाण्यात वेहड्याचा वापर अजून संपलेला नाही. दुपारी बायका तेथे खाट टाकून बसतात, आणि अंगणवाडीतून परतलेली मुले तेथेच खेळतात.